अनुभव धागा : चुकलेली अपॉइंटमेंट

माझं लहान मुलांचं क्लिनिक आहे. काल सकाळी लागोपाठ तीन नावं आलीच नाहीत, आणि त्याआधी तापाने फणफणलेल्या एका बाळाला ‘आज जागा नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. ते कळल्यापासून मन लागत नाही. न येणारा पेशंट बेफिकीर असतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो. तुमची वेळ चुकली असेल किंवा तुम्ही काउंटरवर बसत असाल, तर काय घडलं ते लिहा.

—

मी चुकवली आहे. रूट कॅनालच्या दोन सिटिंग झाल्या, ठणका थांबला. दुखत नाही तर कशाला जायचं, म्हणून गेलेच नाही. तात्पुरतं सिमेंट कधी पडलं कळलंही नाही. चार महिन्यांनी घास चावताना कट्कन आवाज आला. दात उभा चिरला होता. काढावा लागला.

—

आईची शुगरची फेरतपासणी होती. सकाळी तिला चक्कर आली. रद्द करायला आठ वाजल्यापासून फोन लावतोय, सारखा एंगेज. पुढच्या वेळी गेलो तर फाइलवर लाल पेनाने ‘आले नाहीत’. आई ते वाचून इतकी ओशाळली की डॉक्टरांना चक्कर आल्याचं सांगायचंच राहिलं.

—

वरच्या दादांचं वाचून वाईट वाटलं. तो लाल शेरा मीही मारलाय. अकरा वर्षं काउंटरवर आहे. परवाची तारीख दिलेला पेशंट बहुतेक येतोच. दीड महिन्यानंतरची दिली की गळतो. तोवर माणूस बरा होतो, दुसरीकडे दाखवतो, नाहीतर विसरतो. आता कार्डावर तारीख मी लिहीत नाही, पेन त्यांच्यापुढे करते. आठवणीचा मेसेज पूर्वी आदल्या रात्री जायचा. कुणी ‘नाही’ कळवलं तरी ती वेळ दुसऱ्याला देता येत नसे. आता दोन दिवस आधी जातो, आणि येणार नसाल तर नुसतं ‘२’ पाठवलं की झालं. रोज थोड्या वेळा मुद्दाम रिकाम्या ठेवतो, त्याच दिवशी आजारी पडलेल्यांसाठी.

—

मी एकाच वेळेला दोघांना बोलवायचो, एक गळणारच म्हणून. दोघंही आले की संध्याकाळपर्यंत सगळं रेंगाळायचं. १९५२ साली नॉर्मन बेली या संख्याशास्त्रज्ञाने ओपीडीच्या रांगांचा हिशेब ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला होता. त्याचं सार असं की सुरुवातीला दोघांना बोलवा, पुढे एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेकाला. ते करून पाहिलं, फरक पडला. पण हा हिशेब डॉक्टर वेळेवर येतो असं धरून चालतो, आणि मीच रोज वीस मिनिटं उशिरा पोचायचो. आधी ते सुधारावं लागलं.

—

गाठीचा रिपोर्ट दाखवायचा होता. दोनदा पायऱ्यांवरून परत फिरले. मग काउंटरवरच्या ताईंचा फोन आला, “सोबत कुणाला तरी आणा, शेवटची वेळ तुमच्यासाठी ठेवते.” गेले. गाठ साधी निघाली. तो दीड महिना मी नीट झोपले नव्हते.