कोरोना बरा झाला, पण आईचं एसजीपीटी अजून उतरत नाही

मीनल_सातारा:
आई 58 वर्षांची. मधुमेह जुना, वजन जास्त, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आधीपासूनच. एप्रिलमध्ये (2021) कोरोनानं दवाखान्यात होती. ऑक्सिजन, रेमडेसिविर, स्टेरॉइड सगळं झालं. तेव्हा एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 212 होतं. आता ऑगस्ट आला तरी एसजीपीटी 84, एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) 61. प्लेटलेट 2.1 लाख. कावीळ नाही, पण जेवण जात नाही, दुपारी अंथरुणातून उठवत नाही. कोरोनानं लिव्हर कायमचं बिघडवलं का?

कोरेगावकर:
माझ्या भावालाही शुगर आहे. त्याचे आकडे आपोआप खाली आले. धीर धरा. भुईआवळ्याचा रस देऊन बघा, त्यानं अपाय काही होत नाही.

फिजिशियन_मिरज:
मीनलताई, रस नको. काढा, चूर्ण असं काही चालू आहे का ते आधी सांगा.

कोरोनात एसजीपीटी वाढणं नेहमीचं. अंगातली सूज, कमी पडलेला ऑक्सिजन आणि औषधं, तिन्हींचा भार लिव्हरवर येतो. रेमडेसिविरनं एन्झाइम वाढतात, म्हणून एन्झाइम सामान्य मर्यादेच्या पाचपटीहून जास्त असतील तर रेमडेसिविर देऊ नये असं आपल्या सरकारी उपचारपद्धतीतच आहे. स्टेरॉइडनं साखर चढते. पण निरोगी लिव्हर बहुधा काही आठवड्यांत सावरतं. आईंचं आधीच चरबीनं भरलेलं होतं, त्यामुळे मला कोरोनापेक्षा त्या जुन्या दुखण्याची काळजी वाटते. त्याकडे तेव्हा कुणी पाहिलं होतं का?

मीनल_सातारा:
नाही, 'फॅटी लिव्हर सगळ्यांनाच असतं' म्हणाले होते. आणि हो, गुळवेलीचा काढा रोज सकाळी. प्रतिकारशक्तीसाठी म्हणून मागच्या वर्षापासून चालू आहे.

फिजिशियन_मिरज:
तो आजपासून बंद करा. मुंबईच्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मधले लिव्हरला इजा झालेले 6 रुग्ण नोंदवलेत, सगळे गुळवेल घेणारे. गुळवेलीनं इजा झाली हा निष्कर्ष आयुष मंत्रालयाला मान्य नाही. तरी एन्झाइम वाढलेले असताना मी माझ्या रुग्णाला ती घेऊ देणार नाही. मधुमेहाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या मात्र स्वतःहून थांबवू नका. ही चूक फार जण करतात.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून फिब-4 (लिव्हर कडक झालं असावं का याचा अंदाज देणारा आकडा) काढलं: वय 58 गुणिले एसजीओटी 61, भागिले (प्लेटलेट हजारांत 210 गुणिले एसजीपीटी 84 चं वर्गमूळ). येतं साधारण 1.84. 1.3 च्या खाली असतं तर मी निश्चिंत झालो असतो, 2.67 च्या वर असतं तर घाबरलो असतो. हे मधलं आहे, म्हणून फायब्रोस्कॅन करून घ्या. लिव्हर किती कडक झालंय ते त्यात कळेल. सोबत हेपॅटायटिस बी, सी आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. गळून जाण्याचं कारण साखरही असू शकते.

वजन हळूहळू 7 ते 10 टक्के उतरवता आलं तर अशा लिव्हरला त्याइतका फायदा कशाचाच नाही. पण आधी जेवण सुरळीत होऊ द्या, आत्ता उपास अजिबात नको. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा आई गुंगीत वाटल्या, तर तपासणीची तारीख बघत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.