नर्मदा परिक्रमेत कुठली गावं लक्षात राहिली?

प्रश्न: पायी परिक्रमा केलेल्यांनो, घाट-देवळं युट्यूबवर भरपूर बघून झाली, मधला रस्ता नि गावं कशी होती ते सांगा ना.

भटक्या: शूलपाणीच्या झाडीतली, म्हणजे नर्मदाकाठच्या डोंगराळ जंगलातली भिल्लांची घरं! बांबूच्या कुडाच्या भिंती, अंगणात मका वाळत घातलेला, नि स्वतःकडे जेमतेम असताना "बाबाजी, चाय पी लो" म्हणून हाक मारतात. वरून सरदार सरोवर धरणाचं पाणी मस्त दिसतं, पण खाली बुडालेली गावं आठवली की फोटो काढायचा मूडच जातो.

निमाडप्रेमी: आम्हाला बुवा मध्य प्रदेशातलं निमाड आवडलं. कापूस, मिरच्या, केळी... ऊन मात्र बेक्कार.

भटक्या: आणि नर्मदा समुद्राला मिळते तिथली विमलेश्वर ते मिठी तलाई बोट विसरलात का राव? परिक्रमेत नदी ओलांडायची नाही म्हणून थेट समुद्रातून वळसा, तोही भरतीच्या वेळा सांभाळून.