ताऱ्यांच्या 'फीडबॅक'ला मराठीत काय म्हणावं?

मृग नक्षत्रातल्या तेजोमेघावर लिहितोय आणि एका शब्दापाशी दोन दिवस अडलोय. मोठा तारा ज्या वायूच्या ढगातून जन्मतो त्याच ढगाला नंतर तापवतो, ढकलतो, कुठे दाबतो कुठे उधळून लावतो, या सगळ्याला इंग्रजीत फीडबॅक म्हणतात. 'अभिप्राय' इथे चालत नाही. बीएडच्या पुस्तकातलं 'प्रत्याभरण' आहे, पण त्यात 'भरण' आलं आणि इथे ढग रिकामा होत जातो. कुणाला सुचतंय का?

प्रतिसाद १
'फुंकर' बघा. आजी चुलीवर फुंकणीने फुंकर घालायची तेव्हा राख उडून खालचा निखारा लालभडक व्हायचा, आणि तीच फुंकर समईवर पडली की ज्योत गेलीच. ताऱ्याचंही असंच ना, जिथे वायू दाट तिथे दाबला जाऊन नवे तारे पेटू शकतात आणि विरळ असला की उडूनच जातो. दोन्ही अर्थ एका शब्दात आहेत, मला तरी हा फार आवडतो.

प्रतिसाद २
शब्द गोड आहे पण फुंकर वाऱ्याची, म्हणजे ताऱ्यातून सुटणाऱ्या कणांच्या झोताची झाली, आणि ताऱ्याचा अतिनील प्रकाशही तेवढाच महत्त्वाचा. त्याने वायू साधारण १०,००० अंशांपर्यंत तापतो आणि प्रसरण पावतो. हबल अंतराळ दुर्बिणीने १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातल्या खांबांचा फोटो घेतला तो आठवा, आजूबाजूचा विरळ वायू गेला, दाट तेवढा खांबांसारखा उरला आणि त्यांच्या टोकांवरूनही वायू वाफेसारखा सुटताना दिसतो. याला मी 'झळ' म्हणेन. झळ लांबूनही लागते, शेजारचं घर जळालं तरी आपल्याला बसते.

मूळ लेखक
झळ एकदम पटलं! पण फुंकरही सोडवत नाही, कारण मृगातल्या तेजोमेघात वारा खरंच जोरदार आहे. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जी अंधुक ओळ दिसते ना, तिच्या मधे, सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या तिसेक पट वस्तुमानाचा एक तारा आहे, त्याचा वारा सेकंदाला दोन हजार किलोमीटरच्या वर. सोफिया या विमानातल्या दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून २०१९ मध्ये कळलं की या वाऱ्यानेच तिथे वायूचा मोठा फुगा फुगवलाय आणि आतली नवी तारानिर्मिती रोखली जातेय. म्हणून प्रकाशाची झळ आणि वाऱ्याची फुंकर असे दोन्ही शब्द वापरतो. आता दाबामुळे जे नवे तारे जन्मतात त्यासाठी 'प्रेरित तारानिर्मिती' छापतात, तिथे 'चेतवलेली' कसं वाटतं? विस्तव चेतवतात तसं.