मदत हवी आहे : 'मधुमेह मुळापासून बरा' म्हणणाऱ्या व्हिडिओतलं खरं-खोटं कसं तपासायचं?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. धागा आरोग्य विभागात काढलाय, पण औषध विचारायला नाही. नेटवर सापडलेली माहिती पारखायची कशी, ते विचारायचंय.

बाबा कराडला असतात, वय ७१. मी पुण्यात. त्यांना टाइप २ मधुमेह होऊन बारा-चौदा वर्षं झाली, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. दिवाळीपासून ते एका यूट्यूब चॅनेलचे निष्ठावंत प्रेक्षक झालेत. बोलणारे गृहस्थ पांढऱ्या कोटात, मागे जाडजूड पुस्तकं, बोलणं गोड आणि शुद्ध. खाली काढ्याच्या पाकिटाची लिंक. 'गोळ्या बंद करा' असं ते कधीच म्हणत नाहीत. 'शरीराला गोळीची गरजच उरत नाही' म्हणतात. बाबांनी पाकीट मागवलंय, अजून फोडलेलं नाही, एवढंच नशीब.

अडचण अशी की बाबा भाबडे नाहीत. विज्ञानाचे शिक्षक होते. १९९५ साली गणपती दूध पितो म्हणून सगळे चमचे घेऊन देवळाकडे पळत होते, तेव्हा वर्गात चमचा आणि दगड घेऊन पृष्ठताण समजावून सांगणारा हा माणूस. त्यामुळे 'फेक आहे हो, सोडा' हे त्यांच्यापुढे चालत नाही. 'नक्की कुठलं वाक्य खोटं आहे ते दाखव' म्हणतात, आणि मला ते दाखवता येत नाही.

व्हिडिओत सांगतात ते थोडक्यात असं: मेटफॉर्मिनने किडनी खराब होते. अमेरिकेत ही गोळी बाजारातून परत मागवली. ब्रिटनमध्ये प्रयोग झाला आणि जवळजवळ निम्म्या लोकांचा मधुमेह गेला. कारलं आणि दालचिनीवर ढीगभर शोधनिबंध आहेत. आणि शेवटी एका बाईंचे रिपोर्ट: काढा घेऊन तीन आठवड्यांत एचबीए१सी (साखरेची एक रक्ततपासणी) ९.४ वरून ६.१.

गूगल केलं तर वर येतात ते एकतर काहीतरी विकणारे किंवा हॉस्पिटलांच्या जाहिराती. इंग्रजी शोधनिबंध उघडतात, पण त्यात नेमकं काय बघायचं ते कळत नाही. माझी शाखा वाणिज्य. सुरुवात कुठून करू?

शंकासूर

नेहमीचे डॉक्टर काय म्हणाले?

कोयनाकाठ

'असलं काही बघत जाऊ नका.' बाहेर पंचवीस पेशंट बसले होते, त्यांचाही दोष नाही. पण बाबा म्हणाले, उत्तर नसलं की माणूस असंच बोलतो.

टवाळ

बाबांना सदस्य करून घ्या इथे. शोभतील.

बोरूबहाद्दर

माझं आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं, त्यामुळे वैद्यकातलं सोडून बाकीचं सांगतो.

तुम्ही तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून त्यातच चूक शोधताय. तिथे ती सापडणार नाही, कारण तो तेवढ्याचसाठी नीट बनवलेला असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १० इतिहासाचे प्राध्यापक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळं दाखवून विचारलं, यातलं भरवशाचं कोणतं? बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं त्यात होती. एक मोठी जुनी संघटना, दुसरी तिच्याशी मतभेद होऊन फुटलेला छोटा गट. पानं दिसायला सारखीच सभ्य. विद्यार्थी आणि काही प्राध्यापकसुद्धा पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले, मांडणी, संदर्भयादी, लोगो बघत राहिले आणि गंडले. तपासनीस मात्र काही क्षणांत ते पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये गेले आणि 'या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात' ते शोधायला लागले. प्राध्यापक हुशार नव्हते असं नाही. त्यांची वाचायची सवयच त्यांना नडली. तुमच्या बाबांचंही तेच होत असणार.

तेव्हा चॅनेल बंद करून बाहेरून चौकशी करा. पाकिटावर उत्पादकाचं नाव आणि परवाना क्रमांक काय आहे? चॅनेल आणि पाकीट एकाच मालकाचं आहे का? ते गृहस्थ डॉक्टर असतील तर नोंदणी क्रमांक हवाच. एमबीबीएसवाल्यांची नावं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरच्या नोंदवहीत शोधता येतात, आयुर्वेदाची नोंदणी आपल्याकडे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. नाव सापडलं म्हणजे बोलणं खरं, असं नव्हे. पण सापडलंच नाही तर पुढचं सगळं काम वाचतं.

आणि एक गोष्ट, जी जाहिराती छापणाऱ्यांना माहीत असते आणि वाचणाऱ्यांना नसते. १९५४ चा औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. त्याच्या परिशिष्टात काही रोगांची यादी आहे. ते रोग बरे करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे, औषध कुठल्याही पॅथीचं असो. मधुमेह त्या यादीत आहे. म्हणजे काढ्याची लिंक देऊन 'मधुमेह मुळापासून बरा' म्हणणारा माणूस पहिल्याच वाक्यात कायद्याच्या पलीकडे गेलेला असतो. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

अवांतर: हल्ली नामवंत डॉक्टरांचे चेहरे आणि आवाज चोरून केलेले बनावट व्हिडिओही फिरतात. तुमचा हा प्रकार त्यातला वाटत नाही, पण बाबांच्या कानावर घालून ठेवा.

मिरजेची_मावशी

कायदा-बियदा ठीक आहे हो, पण ७१ वर्षांच्या माणसाला 'हे बेकायदा आहे' सांगितलं की तो म्हणणार, औषध कंपन्यांनीच तो कायदा करून घेतला. आमच्या घरी हेच झालं. मी स्वतः मधुमेही आहे, कारल्याचा रसही पिऊन झालाय (सवय झाली की बरा लागतो). एवढंच सांगते, त्यांच्या पाच वाक्यांना पाच उत्तरं द्या. त्यांनी रास्त प्रश्न विचारलाय.

स्टेथोस्कोप

मावशींना अनुमोदन. मी नाशिकला फिजिशियन आहे. तुमच्या बाबांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांनी काय घ्यावं ते सांगणार नाही. वाक्यं मात्र तपासू. त्यातली बहुतेक अगदीच हवेतून आलेली नाहीत, म्हणूनच तुम्हाला 'खोटं' दाखवता येत नाहीये.

किडनी. मेटफॉर्मिन शरीराबाहेर पडतं ते किडनीवाटे. किडनी आधीच दुबळी असेल तर ते अंगात साठतं आणि रक्तात लॅक्टिक अॅसिड वाढायचा धोका येतो. म्हणून ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला की ते देत नाहीत, ३० ते ४५ मध्ये असेल तर डोसचा फेरविचार करतात. किडनी बिघडली म्हणून गोळी थांबते, व्हिडिओत ते उलटं करून सांगितलंय. लोकांना पटतं, कारण शेजारच्या काकांचं तसंच दिसलेलं असतं: गोळी बंद झाली आणि डायलिसिस सुरू झालं. त्यांची किडनी बहुधा मधुमेहानेच खाल्लेली असते. गंमत म्हणजे मेटफॉर्मिनचे खरे त्रास आहेतच. पोट बिघडतं, वर्षानुवर्षं घेतलं की बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. त्याबद्दल व्हिडिओत चकार शब्द नाही.

अमेरिका. मे २०२० पासून काही कंपन्यांच्या एक्स्टेंडेड रिलीज (पोटात हळूहळू विरघळणाऱ्या) गोळ्यांचे ठरावीक लॉट तिथे परत मागवले गेले, कारण एनडीएमए नावाची अशुद्धी मर्यादेपेक्षा जास्त सापडली. तेवढे लॉट. औषधावर बंदी नाही, आणि तिथल्या नियामक संस्थेने त्याच वेळी सांगितलं होतं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. बातमीचा अर्धा भाग कापला की काय होतं, ते बोरूबहाद्दर सांगतीलच.

ब्रिटन. हा 'डायरेक्ट' नावाचा प्रयोग, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ च्या डिसेंबरात आला. चांगला प्रयोग आहे. ३०६ माणसं, अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना तीन ते पाच महिने दिवसाला फक्त ८२५ ते ८५३ कॅलरीचं खास पेय आणि सूप, मग हळूहळू जेवण. वर्षाच्या शेवटी दुसऱ्या गटातले ४६ टक्के लोक गोळ्यांशिवाय होते आणि त्यांचं एचबीए१सी ६.५ च्या खाली होतं. नेहमीच्या उपचारांच्या गटात हा आकडा ४ टक्के. दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांना सगळ्यात फायदा. आता मला सांगा, यात काढा कुठे आहे? दुसऱ्याच्या प्रयोगाचं यश आपल्या पाकिटाला चिकटवलंय.

कारलं-दालचिनी. निबंध ढीगभर आहेत हे खरंच. बरेचसे उंदरांवर, नाहीतर काचेच्या भांड्यातल्या पेशींवर. माणसांवरचे प्रयोग एकत्र करून बघायचे तर कॉक्रेन नावाची संस्था ते काम करते, आणि ती औषध कंपन्यांचे पैसे घेत नाही. त्यांनी २०१२ मध्ये दालचिनीचे १० प्रयोग (५७७ माणसं) आणि कारल्याचे ४ प्रयोग (४७९ माणसं) तपासले. दोन्हीकडे निष्कर्ष हाच की फायदा होतो म्हणायला पुरेसा पुरावा नाही. भाजी म्हणून खुशाल खा.

त्या बाईंचा रिपोर्ट. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, आणि पेशी जगतात साधारण १२० दिवस. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब दाखवते. काढ्याने पहिल्याच दिवशी साखर अगदी नॉर्मल केली असं धरलं, तरी तीन आठवड्यांनी रक्तात जुन्या, साखर चिकटलेल्या पेशी भरपूर उरलेल्या असणार. ९.४ वरून ६.१ या गणितात बसत नाही. मध्ये रक्त चढवलं असेल, पेशी भराभर फुटत असतील, तर आकडा फसवा येतो, पण मग ती काढ्याची करामत नाही.

शेवटचं, आणि हे गंभीरपणे घ्या. मधुमेहाच्या अशा 'नैसर्गिक' चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी अॅलोपॅथीची औषधं गुपचूप मिसळलेली अनेकदा सापडली आहेत. बाबा आधीच ग्लिमेपिराइड घेतात. वरून हे पोटात गेलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं तर ग्लुकोमीटर लावा, शुद्धीवर असतील तर साखर द्या आणि डॉक्टरांना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

शंकासूर

सगळं मान्य, पण 'हॉस्पिटलचं पान म्हणजे खरं' असंही नको. 'डायबिटीस रिव्हर्सल पॅकेज'च्या जाहिराती तीही करतात. विकणारा तो विकणाराच, कोट खरा असला तरी.

बोरूबहाद्दर

बरोबर. पान कुणाचंही असो, त्याला त्यातून काय मिळणार, हे आधी बघायचं.

ढब्बू_पैसा

एवढी यातायात कशाला? एआयला विचारायचं, दोन मिनिटांत संदर्भांसकट उत्तर देतो.

स्टेथोस्कोप

देतो खरा. मला एकदा एक निबंध दिला होता, नाव झकास, लेखक झकास, फक्त तो कुणी लिहिलेलाच नव्हता. संदर्भ मिळाला की त्याचं शीर्षक जसंच्या तसं पबमेडमध्ये टाकून बघा. आणि तिथे सापडला म्हणून शिक्कामोर्तब समजू नका. पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंधांची सूची आहे, त्यात बरंवाईट सगळं असतं. डाव्या बाजूला 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' असा फिल्टर आहे, तो लावला की ढीग बराच आटोक्यात येतो.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी कराडला जाऊन आले. बोरूबहाद्दर, नोंदवहीत त्या गृहस्थांचं नाव सापडलं नाही. पण मावशी म्हणाल्या तसंच झालं, बाबांवर त्याचा काही परिणाम नाही. 'मीही नोंदणीकृत शास्त्रज्ञ नव्हतो' म्हणाले.

१२० दिवसांचं गणित मात्र लागलं! कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने आकडेमोड केली, रोज किती पेशी नव्या, किती जुन्या. बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत. मग म्हणाले, 'बाईंचा रिपोर्ट जमत नाही.' पाकीट परत पाठवायला मीच आणलंय.

पण आता नवीनच उपटलंय. 'ब्रिटनचं खरं निघालं ना? मग मी ८५० कॅलरीवर राहतो.' सोमवारपासून सुरू करायचं म्हणतायत. आईच्या डोळ्याला पाणी. आता काय करू?

टवाळ

मास्तर ते मास्तर.

स्टेथोस्कोप

सोमवार रद्द करा. ग्लिमेपिराइड चालू ठेवून एवढं कमी खाणं म्हणजे हायपोला, साखर एकदम खाली जाण्याला, आमंत्रण. त्या प्रयोगात मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, पण डॉक्टर-नर्सच्या देखरेखीखाली. नुसतं जेवण उचलायचं आणि देखरेख सोडायची, असं करता येत नाही.

त्यांना मी सांगितलं म्हणून सांगू नका, मूळ निबंधाचा सारांश वाचायला द्या. पबमेडवर फुकट आहे. कोणाला घेतलं ते त्यात एका ओळीत दिलंय: वय २० ते ६५, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २७ ते ४५, इन्शुलिन चालू नसलेले. कुठल्याही निबंधात निष्कर्षाच्या आधी ही ओळ शोधायची. तुम्ही विचारलं होतं ना, नेमकं काय बघायचं? हे.

कोयनाकाठ

पाठवला. शब्दकोश घेऊन बसले होते, असं आई म्हणाली. आत्ता फोन आला. 'दोन अटींत बसत नाही, वय आणि वर्षं,' म्हणाले. आणि लगेच पुढचा प्रश्न: 'मग ६५ च्या वरच्यांवर कुणी केलाय का, ते शोध.'

स्टेथोस्कोप

शोधायला त्यांनाच बसवा, फिल्टर कुठे आहे ते दाखवा. तोवर क्रिएटिनिन, ईजीएफआर (दोन्ही किडनीसाठी) आणि बी१२ या तपासण्या करून घ्या, आणि हे रिपोर्ट व निबंधाची प्रत घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे जा. गर्दीच्या वेळी नको. फोन करून दुपारची शेवटची वेळ मागा, आणि आधीच सांगून ठेवा की पेशंट प्रश्न लिहून आणणार आहे.