बाबांचं विसरणं तीन महिन्यांत एवढं कसं वाढलं?

अबोली_७
बाबा 71 वर्षांचे. तीन महिन्यांपूर्वी बँकेची सगळी कामं स्वतः करायचे, आता घरातलं बाथरूम सापडत नाही, रात्रभर झोप नाही आणि मधेच एक हात आणि चेहऱ्याची तीच बाजू क्षणभर खेचल्यासारखी होते. डॉक्टर म्हणाले वयामुळे अल्झायमर, गोळी सुरू केलीय. बी12, थायरॉईड नॉर्मल, सोडियम तेवढं 126 आलं. अल्झायमर इतक्या झपाट्याने वाढतो का हो?

रानवारा
अल्झायमर सहसा वर्षावर्षाने वाढतो, महिन्यांत एवढं कोसळलं तर दुसरं काहीतरी शोधायलाच हवं. माझ्या आईचं असंच झालेलं, सगळे म्हणत होते वय झालं, शेवटी सीटीत मेंदूवर रक्त साकळलेलं निघालं. महिनाभर आधी डोकं दाराला हलकंसं लागलं होतं, कोणाच्या लक्षातही नव्हतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू होती. ऑपरेशननंतर आई पुन्हा पेपर वाचायला लागली.

मेंदूविकार_डॉ
अबोलीताई, हात आणि चेहरा एकाच बाजूला खेचणं, वर सोडियम कमी, यावरून एलजीआय1 अँटीबॉडीचा ऑटोइम्यून एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूला आणलेली सूज, पहिल्यांदा डोक्यात येतो. हे झटके सेकंद-दोन सेकंदांचे असतात, पण दिवसातून कितीतरी वेळा येतात. एमआरआय आणि ईईजी (मेंदूच्या विजेचा आलेख) दोन्ही नॉर्मल येऊ शकतात, म्हणून अँटीबॉडीची टेस्ट रक्ताची आणि पाठीतल्या पाण्याची, दोन्ही करायला सांगा. स्टेरॉईड, आयव्हीआयजीने (शिरेतून दिलेल्या अँटीबॉडींनी) बरेच पेशंट सुधारतात, मात्र उशीर केला तर स्मरणशक्ती पूर्ण परत येईलच असं नाही.

अबोली_७
सीटी झालाय, साधा. त्यात काही नाही म्हणाले. एमआरआय केलाच नाहीये. सीजेडी, तो मेंदू झपाट्याने खराब करणारा दुर्मीळ आजार, तर नसेल ना, वाचून रात्री झोप लागत नाही.

मेंदूविकार_डॉ
सीजेडी असू शकतो, खोटा धीर देत नाही, त्यावर अजून इलाज नाही आणि बहुतेक पेशंट वर्षाच्या आत जातात. पण तो ठरवायच्या आधी बरं होण्यासारखं सगळं तपासून संपवायचं असतं. एमआरआयमध्ये डिफ्युजन नावाच्या पद्धतीचे फोटो मागा, सीजेडीची खूण तिथेच सगळ्यात चांगली दिसते, आणि रक्तवाहिन्याही बघायला सांगा, कारण मेंदूच्या आवरणातल्या फिस्टुलामुळेही (धमनी आणि शीर थेट जोडली जाणं) असंच होतं आणि तो बंद करता येतो. लिम्फोमाची (एक प्रकारचा कॅन्सर) शंका आली तर घाईने स्टेरॉईड नको, नंतर बायॉप्सीत, म्हणजे तुकडा काढून तपासताना, काही सापडत नाही. आणि झटक्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढा, तोंडी सांगितलेलं कमी पडतं.

अबोली_७
दोन व्हिडिओ काढले आत्ताच. उद्या सकाळी न्यूरॉलॉजिस्टकडे नेतेय, टेस्टची नावं लिहून घेतलीत.