‘नाटक-नाटक खेळताय’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सिस्टर, कसबा बावडा
काल इथं एकानं लिहिलं, ‘दवाखान्यात खाटा नाहीत आणि हे लोक रबरी बाहुल्या आणून नाटक-नाटक खेळायला लागलेत. चिडलेल्या नातेवाइकाशी कसं बोलायचं याचं म्हणे ट्रेनिंग!’ रात्रपाळीभर डोक्यात तेच होतं. लांब होईल, पण वाचा.

एकोणीस वर्षं नर्सिंगमध्ये आहे. हृदय थांबलं की छाती दाबावी लागते, ते मी खऱ्या पेशंटवर शिकले. पहिल्यांदा सिनिअर सिस्टरनी माझे हात बाजूला सारले, कारण मी नुसती थोपटत होते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे तोंडपाठ होतं. हाताला ठाऊक नव्हतं. ते आजोबा गेले. कदाचित गेलेच असते. पण माझी शिकायची जागा त्यांची छाती नव्हती. नॉर्वेत लेर्डाल नावाच्या खेळणी बनवणाऱ्यानं १९६० साली छाती दाबायच्या सरावाची बाहुली केली, ती याचसाठी.

आता बोलण्याचं. गेल्या महिन्यात आमच्याकडं सराव झाला. एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, नातेवाईक झाला, टेबलावर हात आपटून ओरडायला लागला. समोरची इंटर्न हुशार पोरगी, पण पहिलं वाक्य काय? ‘आधी शांत व्हा.’ तो आणखी भडकला. थांबवलं, परत केलं. या वेळी ती दोन हात लांब, जरा तिरकी उभी राहिली, दाराची वाट मोकळी ठेवली, आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘तुम्ही त्यांचे कोण?’ ब्रदरचा हात आपोआप खाली आला. मग अर्धा तास बसून कुठं काय चुकलं ते बोललो. खरं शिक्षण त्या अर्ध्या तासात झालं.

पेठेतला भाऊ
मीच लिहिलेलं, आणि शब्द मागं घेणार नाही. दोन वर्षांपूर्वी आई गेली. दवाखान्याचं नाव घेत नाही. पॅसेजमध्ये स्ट्रेचरला टेकून, मोबाईल बघत डॉक्टर म्हणाला, ‘गेल्या त्या. बॉडी कधी नेताय?’ माझ्या हातात तिच्या चपलांची पिशवी होती. बॉडी? आई होती माझी. हे शिकवायला वर्ग लागतात? घरात शिकवत नाहीत?

रात्रपाळीवाला
निवासी डॉक्टर आहे. माझाही विरोध आहे, पण वेगळ्या कारणानं. मार आम्ही खायचा आणि बोलायला शिकायचंही आम्हीच? मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरच्या डोळ्याला मारहाणीत जबर इजा झाली, राज्यभरातले निवासी रजेवर गेले. त्याच्या सात वर्षं आधी, २०१० मध्येच कायदा झालेला: डॉक्टरवर हात उचलणं हा अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. कायदा कागदावर, आम्ही कॅज्युअल्टीत. त्यात एका पेशंटमागं अख्खी गल्ली. पंचवीस जणांशी हळू आवाजात बोलून दाखवा.

तालमीचा कार्यकर्ता
गल्लीला नावं ठेवू नका, डॉक्टर. रात्री दोनला बी निगेटिव्ह लागलं तेव्हा कोण आलं? आमचीच पोरं, गाड्या काढून. ज्याला कुणी नाही त्याला डबा कोण देतं? कोल्हापुरात माणूस आजारी पडला की पेठ उठते. हे आमचं वैभव आहे.

रात्रपाळीवाला
रक्त देणारे चौघं, त्यांना माझा नमस्कार. उरलेल्या एकवीस जणांचं काय? दारात उभे राहून व्हिडिओ काढतात, साहेबांना फोन लावून माझ्या कानाला देतात. तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचा पेशंट घरघर करत असतो.

तालमीचा कार्यकर्ता
फोन का लावतो? तीन तास कुणी काही सांगत नाही म्हणून! आत काय चाललंय ते दर तासाला एकानं येऊन सांगा. गर्दी मी स्वतः हटवतो.

सूनबाई, उचगाव
त्या गर्दीत बाईमाणसाला बसायला बाकडं मिळत नाही. सासूबाईंच्या वेळी मी रात्रभर जिन्यात बसले. पास दोनच द्या, तेही घरच्यांना.

भूलतज्ज्ञ, राजारामपुरी
गल्ली पुरे, मुद्द्यावर या. पेशंटची भूमिका करायला शिकवलेले लोक विद्यार्थ्यांसमोर बसवायची पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये अमेरिकेत सुरू केली. आपल्याकडं २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात संवाद आणि नीतीचा एटकॉम हा वेगळा भाग आला. घरच्या संस्कारांनी टाके घालता येत नाहीत, तसं मरण सांगताही येत नाही. मी स्वतः पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ‘मृत्यू’ हा शब्दच तोंडातून फुटला नाही. ‘आम्ही खूप प्रयत्न केले’ म्हणालो, आणि ती बाई विचारत राहिली, ‘मग आता बरे आहेत ना?’

रात्रपाळीवाल्याचं एक मान्य. छत्तीस तास जागलेल्या पोराला हळू बोलायचा सराव देऊन माणसांची भरती टाळत असतील, तर ती फसवणूक आहे.

सिस्टर, कसबा बावडा
हे मलाही मान्य करावं लागतंय. चाळीस पेशंटना एक सिस्टर असताना ‘तुम्ही त्यांचे कोण’ विचारायला सवड कुठनं आणायची? तरी सराव सोडणार नाही.

पेठेतल्या भाऊ, तुमच्या आईचं वाचून पोटात कालवलं. पुढचा सराव गुरुवारी आहे. आमचा ब्रदर रागावतो, पण तो घरी जाऊन जेवतो. तुम्ही नातेवाईक म्हणून याल?

पेठेतला भाऊ
पाचनंतर, दुकान बंद करून येईन. पण त्या डॉक्टरचं वाक्य मी जसंच्या तसं म्हणून दाखवणार. सगळ्यांनी ऐकून घ्यायचं. आणि ती पिशवी अजून घरात आहे, ती घेऊन येतो.