दादरला मुक्काम, सोबत वयस्क आईवडील: मुंबईत चार दिवस कसे फिरावे?

लातूरचा शिक्षक

नमस्कार. डिसेंबरमध्ये आम्ही पाच जण रेल्वेने मुंबईला येत आहोत: मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि माझे आईवडील. वडिलांचे वय ७१ आहे आणि ते आजही रोज चार किलोमीटर चालतात; आईचे गुडघे मात्र दुखतात, त्यामुळे जिना चढताना तिला कठड्याचा आधार आणि थोडा वेळ लागतो. मुक्काम दादर पश्चिमेला आहे. शुक्रवारी गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, शनिवारी सिद्धिविनायक आणि महालक्ष्मी, रविवारी राणीची बाग, सोमवारी घारापुरीची लेणी आणि रात्रीच्या गाडीने परत, असे मनाशी ठरवले आहे. आईवडिलांना लोकलने नेणे कितपत योग्य ठरेल? सगळीकडे रिक्षाच केली तर खर्च आवाक्यात राहील का? वडिलांना दिव्यांगांच्या डब्यात बसता येईल का, हेही कृपया सांगावे.

परळ रहिवासी

सर, रिक्षाचा विचार आधीच बाजूला ठेवा, कारण दादरला रिक्षा मिळतच नाही. पश्चिमेकडे वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेकडे शीवपर्यंतच रिक्षांना परवानगी आहे. त्याच्या दक्षिणेला काळी-पिवळी टॅक्सी चालते. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये आहे आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत त्यावर पाव पट अधिक द्यावे लागते. टॅक्सीत चारच प्रवासी बसवतात आणि तुम्ही पाच आहात, हे खर्चाचा हिशेब करताना लक्षात घ्यावे.

लोकलने न्यावे की नाही, हे गाडीपेक्षा वेळेवर आणि दिशेवर अवलंबून आहे. सकाळी साधारण आठ ते अकरा सगळी गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे लोटते आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ ती तशीच उलटी फिरते. दादरहून गेटवेला जाताना तुम्ही नेमके याच गर्दीच्या दिशेने जाणार आहात. म्हणून सकाळी अकरानंतर निघावे आणि दुपारी चार-साडेचारला परतीची गाडी धरावी. त्या मधल्या वेळात बहुतेक वेळा बसायला जागा मिळते, आणि चर्चगेटला गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे आईंना घाई न करता चढता येते. मात्र परतताना तिथून विरार जलद गाडी चुकूनही धरू नका. दूरच्या प्रवाशांनी ती इतकी भरलेली असते की मध्येच दादरला उतरणे नवख्या माणसाला फार कठीण जाते. दादरसाठी बोरिवली किंवा अंधेरी धीमी, म्हणजे प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी उत्तम.

तुमच्यासाठी याहून चांगला पर्याय म्हणजे भुयारी मेट्रो. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. तिचे दादर स्थानक पश्चिमेलाच, शिवसेना भवनाच्या परिसरात आहे. फलाटापर्यंत उद्वाहन आहे आणि सरकते जिनेही आहेत, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न पुष्कळसा सुटेल. वस्तुसंग्रहालयासाठी हुतात्मा चौकाला उतरावे. पुढचे अंतर वडील सहज चालतील, आईंसाठी टॅक्सी करावी. सिद्धिविनायकाचे स्थानक मंदिराजवळच आहे. महालक्ष्मीचे मात्र नाव ऐकून फसू नका: मेट्रोचे महालक्ष्मी स्थानक रेल्वे स्थानकाच्या बाजूचे आहे आणि देवीचे मंदिर तिथून बरेच दूर, समुद्राच्या काठावर आहे. तिथून टॅक्सीच करावी लागते.

दिव्यांगांच्या डब्यात केवळ वयाच्या आधारावर प्रवेश मिळत नाही. तो डबा दिव्यांग व्यक्ती, कर्करोगाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी आहे, आणि तो त्यांच्यासाठीच मोकळा राहावा असे मला मनापासून वाटते. ज्येष्ठ नागरिकांसाठी साध्या डब्यात काही आसने राखीव असतात. तिथे कोणी बसले असेल तर विनंती करावी, लोक बहुधा उठतात. वातानुकूलित लोकलचे तिकीट वेगळे असते. साध्या तिकिटावर तिच्यात चढल्यास दंड होतो.

भायखळ्याहून

वरील सल्ला योग्य आहे, पण वारांकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. रविवार आणि सोमवारचा कार्यक्रम सरळ अदलाबदल करावा. राणीची बाग बुधवारी बंद असते, सोमवारी चालते, आणि त्याच आवारात १८७२ साली सुरू झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे; मुलीला ते अवश्य दाखवावे. त्यासाठी दादरहून मध्य रेल्वेने भायखळ्याला यावे. तिथे धीम्या आणि जलद दोन्ही गाड्या थांबतात. पूर्वेला बाहेर पडावे.

घारापुरीसाठी गेटवेहून लाँचला सुमारे एक तास लागतो. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी जाते, पण पुढे शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. तिथे डोलीवाले असतात. आईंसाठी भाडे आधी ठरवून डोली करावी, कारण वरची त्रिमूर्ती पाहिल्याशिवाय त्यांना परत नेणे बरे वाटणार नाही. रविवारी लोकलवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या, असतो, त्यामुळे त्या दिवशी गेटवेला मेट्रोनेच जावे.

लातूरचा शिक्षक

आपणा दोघांचा अत्यंत आभारी आहे. सोमवारची चूक कळली नसती तर आईला धक्क्यापर्यंत नेऊन परत आणावे लागले असते. रविवार-सोमवारची अदलाबदल केली आहे. भायखळ्याला आणि परत येताना मात्र लोकलनेच जावे, असा वडिलांचा आग्रह आहे. १९७८ साली ते इथे नोकरीच्या मुलाखतीला आले होते आणि तेव्हाची लोकल त्यांना अजून आठवते. चढण्या-उतरण्याची भीती मला अधिक वाटते. गाडी किती वेळ थांबते?

रोजची प्रवासी, डोंबिवली

दादा, साधारण वीस ते तीस सेकंद. म्हणून भायखळ्याच्या आधीचे स्थानक सुटताच दाराकडे सरकावे आणि पुढे उभ्या असलेल्यांना "भायखळा उतरणार का?" असे विचारावे, जे उतरणार नसतील ते बाजूला होतात. फलाट कोणत्या बाजूला येणार, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. पाचही जण एकाच डब्यात चढा. पत्नी आणि आई महिलांच्या डब्यात गेल्या तर उतरताना एकमेकांची शोधाशोध होते.

माझी आई पहिल्यांदा गावाहून आली तेव्हा ठाण्याला मी उतरले आणि ती गाडीतच राहिली. तिच्याजवळ फोन नव्हता. जलद गाडी होती, पुढचा थांबा घाटकोपर. मी तिथे पोहोचेपर्यंत ती कुर्ल्याला उतरून परतीच्या गाडीत बसली होती, आणि आम्ही भेटलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे: जो गाडीत राहील त्याने पुढच्या स्थानकावर उतरून त्याच फलाटावर, उतरला तिथेच उभे राहायचे, मागे राहिलेला पुढच्या गाडीने तिथे येईल. दोघांनी हालचाल करायची नाही. भायखळ्यासाठी धीमी गाडीच धरावी, म्हणजे पुढचे स्थानक सॅंडहर्स्ट रोड, अगदी दोन-तीन मिनिटांवर. आईवडिलांच्या आणि मुलीच्या खिशात तुमचा फोन क्रमांक व विश्रामगृहाचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि हा नियम त्यांना लातूरला असतानाच सांगा, दादरच्या फलाटावर नव्हे.